विशाखाची खिरापत

विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. मला कुणाला पटवायचं नाही.

ज्या संध्याकाळी हे घडलं त्या संध्याकाळी मी त्या घरात होते. जिच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी मावशी. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. मावशी वाईट वागली होती, आणि तेवढं गाळून सांगितलं तर बाकीचं सगळं खोटं होईल.

नाशिक. सिडको. १९८३ सालचं नवरात्र.

तेव्हाचं सिडको आजच्यासारखं नव्हतं. नवी बैठी घरं, एकाला एक चिकटलेली. दोन घरांत मिळून एकच भिंत. शेजारी कुकरची शिट्टी झाली की आपण उठून आपला स्टोव्ह बघायचा. मागे मोकळी रानं आणि लांब पांडवलेण्यांचा डोंगर. दिवस मावळला की रस्त्यावर मोजकेच दिवे.

मी येवल्याची. बारावी झाल्यावर कॉलेजसाठी मावशीकडे राहायला आले. सगुणामावशी, तिचे यजमान गोरक्षकाका आणि त्यांची एकुलती एक लता, एवढंच घर. काका सातपूरला कारखान्यात होते. गरीब माणूस. लता सातवीत होती. घरात चालायचं ते मावशीचं. घरातच काय, अख्ख्या ओळीत तिचंच चालायचं. कुणाकडे काय शिजलं आणि कुणाची सून कुणाशी बोलली, सगळं तिच्या ओट्यावरून जायचं.

डावीकडच्या घराला कुलूप होतं.

"इथं कोण राहतं मावशी?" मी पहिल्याच दिवशी जेवताना विचारलं.

"कोण नाय. होती लोकं. गेली मनमाडला," मावशी म्हणाली आणि माझ्या ताटात न मागता भात वाढला.

लता मात्र अर्ध्या ताटावरून उठली.

खरं काय ते मला लताने सांगितलं, तेही घाबरत, तुकड्या-तुकड्याने. उरलेलं ओळीतल्या बायकांनी सांगितलं. प्रत्येकीने आधी म्हटलं, "मी नव्हते हो त्यात."

तर आदल्या वर्षी त्या घरात विमलाबाई राहायच्या. टेलिफोनमध्ये ऑपरेटर होत्या. नवरा मनमाडला रेल्वेत, सुट्टीला यायचा. एकच मुलगी, विशाखा. लताच्या वर्गातली. माणसं सभ्य, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती होती आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. मावशीला तेवढं पुरलं.

तोंडावर कुणी काही बोलायचं नाही. आपल्याकडे हे सगळं गोड बोलूनच चालतं. वाटीभर साखर द्यायची, पण वाटी परत आली की बाहेरच्या नळावर घासून मग आत घ्यायची. हळदीकुंकवाचं बोलावणं करत यायचं आणि त्यांच्या दाराशी आलं की चप्पल न वाजवता पुढे सरकायचं.

नवरात्रात ओळीत भोंडला व्हायचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पाटावर हत्ती काढतात आणि पोरी भोवती फेर धरून गाणी म्हणतात. रोज एका घरची पाळी. त्या घरची बाई खिरापत करते, म्हणजे काहीतरी खाऊ, आणि झाकण लावून डबा बाहेर आणते. डबा हलवून दाखवायचा. पोरींनी आवाजावरून आत काय आहे ते ओळखायचं. ओळखलं की डबा उघडतो. नाहीच जमलं तर 'हरलो' म्हणायचं, तरी उघडतो. म्हणजे काहीही झालं तरी शेवटी सगळ्यांनी खायचंच.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा.

विशाखाला भोंडल्याला जायचं होतं. विमलाबाई आधी नाही म्हणाल्या. आपण ते सगळं सोडलंय, म्हणाल्या. त्यावर पोरीचं उत्तर तयार होतं. "आई, हत्ती तर आपलाही आहे ना. महामायेच्या स्वप्नात आला होता." महामाया म्हणजे बुद्धाची आई. मग विमलाबाईंनी तिला जाऊ दिलं.

पाळ्या मावशीच्या ओट्यावर ठरल्या. प्रत्येक घराला वार मिळाला, त्या एका घराला नाही. विशाखा रोज यायची आणि फेराबाहेर उभी राहायची. पोरी एकमेकींचे हात सोडायच्या नाहीत, म्हणून तिला शिरायला जागा व्हायची नाही. खिरापत वाटताना तिच्या ओंजळीत वरून टाकायचे. हात लागू नये म्हणून. ती तेवढ्यावरही खूश होती.

मग तिला वाटलं, आपण नुसतं खातो, देत काही नाही, म्हणून आपल्याला घेत नसतील. लहान पोर ती. तिला तेवढंच सुचलं.

आठव्या माळेला विमलाबाईंची दुपारपाळी होती. विशाखाने एकटीने खिरापत केली. शेंगदाण्याची चिक्की, सुंठ घातलेली. ही आमच्या मावशीची खासियत. विशाखाने शाळेत लताकडून विचारून घेतली होती. लताची आई खूश होईल म्हणून.

पाक पुढे गेला. गूळ करपला. चिक्की दगडासारखी टणक झाली.

भिंत एकच. वास मावशीच्या स्वयंपाकघरात भरला. मावशीला तेव्हाच कळलं होतं, शेजारी काय केलंय आणि कुणाचं बघून केलंय.

संध्याकाळी फेर संपला आणि विशाखा पुढे आली. अंगात धुतलेला फ्रॉक, हातात स्टीलचा डबा, झाकणावर तिचं नाव कोरलेलं.

"आज आमची पण खिरापत," ती म्हणाली आणि तिने डबा हलवला.

खड्... खड्... खड्...

सगळ्या मावशीकडे बघायला लागल्या. हाकलावं तर वाईट दिसतं. डबा उघडला तर खावं लागतं.

मावशी हसली. "ओळखा गं पोरींनो. पण आज हरलो म्हणायचं नाय हां कुणी."

पोरींना समजलं. पोरींना असलं फार लवकर समजतं.

"लाडू!"

"नाही," विशाखा हसत म्हणाली.

"करंज्या!"

"नाही!"

"कोळसे!"

"खिळे!"

"तुझ्या बापाच्या गाडीखालची खडी!"

पोरींचं हसू वाढत गेलं, विशाखाचं कमी होत गेलं. लताने तोंड उघडलं होतं. तिला माहीत होतं. मावशीने तिच्या दंडाला असा चिमटा काढला की काळानिळा डाग पडला. लता गप्प बसली.

आणि मग मावशीने स्वतः ओळखलं.

"हाडकं असतील," ती म्हणाली. "दुसरं काय निघणार यांच्या डब्यात?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

विशाखा तशीच उभी राहिली. ओळखल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हा नियम तिला माहीत होता. नियम पाळणारी ती एकटीच होती तिथे. पोरी घरी गेल्या. पाट उचलला गेला. ती तिच्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसली. कुणीतरी ओळखायला येईल, असं तिला वाटत होतं. हस्ताचा पाऊस आला. मावशीने खिडकीतून तिला बघितलं.

आणि खिडकी लावून घेतली.

विमलाबाई कामावरून आल्या तेव्हा पोर भिजून चिंब होऊन तिथेच बसलेली होती. ताप चढला तो उतरलाच नाही. कोजागिरीच्या आत विशाखा गेली. तापात एकच विचारायची, "आई, ओळखलं का गं कुणी?"

ओळीतून मातीला कुणी गेलं नाही.

हे झालं मी ऐकलेलं. आता जे मी बघितलं ते सांगते.

८३ ची घटस्थापना. पहिली पाळी मावशीची. अंगणात पाट मांडला, पोरी जमल्या, फेर सुरू झाला. मी ओट्यावर बसले होते. गाणं संपलं की सगळ्या पोरी एकदम थांबायच्या...

पण एक आवाज जरा मागे राहायचा.

शेवटचा शब्द कुणीतरी एकटीच पुरा करायची. बारीक आवाजात. मला वाटलं, असेल एखादी लहानगी.

मग माझं लक्ष लताकडे गेलं. तिचा उजवा हात एका पोरीच्या हातात होता. डावा हातही तसाच लांब केलेला, बोटं मिटलेली... पण त्या बाजूला कुणी नव्हतं. पुढची पोर हातभर लांब होती.

"लता, हात धर की तिचा," मी ओरडले.

लताने माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"धरलाय," ती म्हणाली.

मावशी खिरापतीचा डबा घेऊन बाहेर आली. शंकरपाळे होते, मीच तळायला मदत केली होती. तिने डबा हलवला...

आवाज आला नाही.

तिने पुन्हा हलवला. जोरात. डब्यातून काहीच वाजलं नाही.

आणि डावीकडच्या बंद घरातून, कुलपाच्या आतून...

खड्... खड्... खड्...

एकही पोर किंचाळली नाही. सगळ्या नुसत्या हात सोडून मागे सरकल्या आणि आपापल्या घरी पळाल्या. कुणीतरी पाटाला पाय लावला. हत्ती अर्धा पुसला गेला.

"उंदीर झालेत त्या घरात," मावशी म्हणाली.

त्या दिवसापासून लताचं जेवण सुटलं.

ती हट्ट करत नव्हती. घास तोंडात घ्यायची, चावायची, पण गिळताच यायचं नाही. भात बाहेर, दूध बाहेर. पाण्याचा घोट तेवढा जायचा. डॉक्टरांनी घसा बघितला, पोट बघितलं, इंजेक्शन दिलं. त्यांना काही सापडलं नाही.

"लते, काय होतंय तुला?" मी विचारायची.

"आधी ती खिरापत," लता म्हणायची. "तिची खाल्ल्याशिवाय दुसरं नाही खायचं."

दुसऱ्या दिवसापासून बायकांनी भोंडला ओळीच्या पार दुसऱ्या टोकाला नेला. तिकडे काहीच वाजलं नाही. पोरी हसल्या, खेळल्या, पोटभर खिरापत खाऊन आल्या. आवाज फक्त आमच्या घराला यायचा. दिवेलागणीला, रोज. पहिल्या दिवशी कुलपाच्या आतून आला होता. मग त्या घराच्या पायरीवरून आला. मग आमच्या अंगणातून...

रोज थोडा जवळ.

आणि एक गंमत बघा. पोरींना बोलवायला बाया ओळीतून फिरायच्या. आमच्या दाराशी आल्या की चपला न वाजवता पुढे जायच्या. मावशी खिडकीत उभी राहून बघायची.

"लताच्या मागं काय येतं कोण जाणे," समोरची कलाबाई कुणाला तरी म्हणाली, आम्हाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. वर्षभर याच मावशीच्या ओट्यावर बसून हिने चहा ढोसला होता.

मावशी दिवसभर काहीबाही करत राहायची. नारळ ओवाळून टाकला. उंबरठ्यावर लिंबू ठेवलं. दृष्ट काढली. पण त्या घराचं नाव तिने तोंडातून काढलं नाही. एकदा काका म्हणाले, "अगं, माफी तरी माग." तर म्हणाली, "कुणाची? मी काय तिला पावसात बसवलं व्हतं?"

सातव्या माळेला लताला धरून उठवावं लागत होतं. काका मला म्हणाले, "चल माझ्याबरोबर." मावशीला न सांगता आम्ही एसटीने मनमाडला गेलो.

रेल्वे क्वार्टरमध्ये विमलाबाई एकट्याच होत्या. आम्हाला बघून त्यांनी दार अडवलं नाही. पाणी दिलं. काकांनी ते लगेच पिऊन टाकलं, तांब्या खाली होईपर्यंत. मला वाटतं, तेवढीच माफी त्यांना मागता आली. मग त्यांनी रडत सगळं सांगितलं.

विमलाबाई ऐकत राहिल्या.

"आम्ही भूतखेत मानत नाही, गोरक्षभाऊ," त्या म्हणाल्या.

"ताई, माझी पोर मरायला टेकली. तुम्ही एकदा या. तिला घेऊन जा."

"तिला बोलावलं नव्हतंत तेव्हा ती आली. आता मी नेते म्हटलं तर येईल?" मग त्या एकदम पुढे झुकल्या. डोळे मोठे झाले होते. "पण खरंच येते? आवाज येतो? रोज?"

काकांनी मान हलवली.

"माझ्याकडे एकदाही नाही आली," विमलाबाई म्हणाल्या. "मी वर्षभर वाट बघतेय. आणि आली ती तुमच्याकडे."

त्यांना हुंदका आला नाही, काही नाही. मला तेव्हा त्या बाईची फार भीती वाटली.

"तो डबा कुठंय?" मी विचारलं.

"तिच्याबरोबर मातीत दिला. उघडला नाही. तिनं बजावलं होतं, ओळखल्याशिवाय उघडायचा नाही."

"चिक्की होती त्यात," मी म्हणाले. "लताने सांगितलं."

"मला माहीत नसेल होय? करपलेल्या गुळाचा वास कितीतरी दिवस घरात होता. तापात ती माझ्यासमोर डबा हलवायची. मी मुद्दाम चुकीचं सांगायची. लाडू का गं, शेव का गं. तेवढंच ती हसायची. मला वाटलं, बरी झाली की बरोबर सांगू."

निघताना काका त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले.

"दारात उभी असेल तर आत घ्या तिला," त्या म्हणाल्या. "एवढंच करायचं होतं तुम्हाला."

आठवी माळ.

दुपारपासूनच घरात गुळाचा वास यायला लागला. करपलेला. मी स्टोव्ह बघितला, विझलेला होता. कढई कोरडी होती.

लता खाटेवर पडून होती. डोळे अर्धे उघडे, ओठांना भेगा. संध्याकाळ व्हायला लागली तसा तिचा श्वास लहान लहान व्हायला लागला. काका डॉक्टरांना आणायला धावले. मावशीने पुढचं दार लावलं, मागचं लावलं, खिडक्या लावल्या, आणि लताचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मी दिवा लावला.

बाहेर लांबून भोंडल्याची गाणी ऐकू येत होती. मग ती थांबली.

कुत्री थांबली. शेजारचा रेडिओ थांबला...

खड्... खड्... खड्...

या वेळी आवाज आतून आला. आमच्या स्वयंपाकघरातून.

दार अर्धवट उघडं होतं, आत अंधार होता, आणि ओट्याजवळ, लहान मुलीच्या छातीएवढ्या उंचीवर, काहीतरी स्टीलचं चमकत होतं. वर. खाली. वर. खाली.

लताने ओठ हलवले. मी वाकले. तिने जीव एकवटून मोठ्याने म्हटलं, वर्षापूर्वी जे म्हणायचं राहून गेलं होतं ते.

"चिक्की. शेंगदाण्याची. सुंठ घातलेली."

आवाज थांबला.

मला हसू फुटलं. खरंच. मला वाटलं, सुटलो...

खड्... खड्... खड्...

आणि मग तो आवाज. फेरात मागे राहणारा, बारीक.

"नाही... चुकलं."

मावशी ओरडायला लागली. "चिक्कीच व्हती ती! मला म्हाईत हाय! माझ्या नाकानं वास घेतला व्हता मी!" वर्षभरात पहिल्यांदा तिने ते कबूल केलं.

"नाही, काकू. तुम्ही ओळखलं होतं ना... सांगा ना."

खड्... खड्...

मावशी लाडू म्हणाली, करंज्या म्हणाली, आठवतील ते सगळे जिन्नस म्हणाली. दरवेळी तेच. "नाही." आता त्या आवाजात हसू होतं. लहान मुलं खेळताना हसतात तसं. मांडीवर लताचा श्वास अडकला. तिचं अंग ताठ व्हायला लागलं.

"हरले!" मावशी किंचाळली. "हरले गं बाई, हरले!"

"हरलो म्हणायचं नाय... आज कुणी."

ते मावशीचेच शब्द होते. तिच्याच बोलीत.

तेव्हा मावशीला कळलं. मला तिच्या तोंडावर दिसलं ते. डबा मातीत होता. वर्षभर. त्या पोरीबरोबर. आता त्यात चिक्की उरली नव्हती. एकच उत्तर राहिलं होतं, आणि ते तिनेच दिलेलं होतं.

तिने लताचं डोकं उचलून माझ्या हातात दिलं. पदर सारखा केला. उठून स्वयंपाकघराच्या दारात गेली.

"हाडकं," मावशी म्हणाली.

सगळं शांत झालं.

टक्...

झाकण निघाल्याचा आवाज होता तो.

"पोरीला घेऊन भाईर जा," मावशी मागे न बघता म्हणाली. "आन् काय बी ऐकू आलं तरी आत येऊ नको."

मी लताला उचललं. केवढीशी राहिली होती ती. अंगणात येऊन पायरीवर बसले. मागे स्वयंपाकघराचं दार लागल्याचं ऐकू आलं. मग आतून आवाज यायला लागला...

कडाड्. कुरर्... कडाड्...

कुणीतरी सावकाश, एकेक घास चावत होतं. मध्येच ओकारी आल्यासारखा आवाज यायचा आणि त्यावर तो बारीक आवाज समजूत घातल्यासारखा म्हणायचा, "संपवायचं असतं, काकू. खिरापत टाकू नये."

मी कान झाकून घेतले. ओळीतल्या खिडक्यांत तोंडं दिसत होती. एकही बाई बाहेर आली नाही. एकेक खिडकी लागत गेली.

मांडीवर लता हलली.

"ताई," ती म्हणाली, "भूक लागली."

काका डॉक्टरांना घेऊन आले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. मावशी स्वयंपाकघरात ओट्याखाली भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही हातांची ओंजळ पुढे केलेली, वरून कुणी काही टाकावं म्हणून करतात तशी. ओंजळ रिकामी होती. पुढचे दात तुटले होते आणि हनुवटीवर रक्त होतं. डबा कुठेच नव्हता.

"संपवलं," एवढंच ती म्हणाली.

लता त्या संध्याकाळी दूध-भाकरी जेवली. आठ-पंधरा दिवसांत उड्या मारायला लागली. मावशी मात्र पुढे जगली तोवर पेजेवर जगली. तिच्या ओट्यावर पुन्हा कुणी बसलं नाही. भोंडला ओळीत होत राहिला, आमचं घर वगळून. विशाखाबद्दल कुणी वाईट बोललं नाही, चांगलंही बोललं नाही. आपण काही केलंच नाही, असं ओळीतल्या सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

मावशी १९८९ च्या भाद्रपदात गेली.

दुसऱ्या दिवशी काका सावडायला गेले. परत आले ते दोन वस्तू घेऊन. एका हातात अस्थींचं मडकं होतं. दुसऱ्या हातात रुमालाची गाठ.

"तिथला माणूस मला विचारत होता," काका म्हणाले. "बाईबरोबर लेकरू होतं का, म्हणून."

मडकं रामकुंडावर गेलं. रुमालाची गाठ लताने सोडली नाही. स्टीलच्या डब्यात ठेवली, झाकण लावलं, आणि मला म्हणाली, "ताई, चल. हे आपलं नाही."

आम्ही मनमाडच्या एसटीत बसलो. डबा लताच्या मांडीवर. तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. गाडी चांदवडला थांबली, इंजिन बंद झालं, सगळं स्थिर होतं...

खड्... खड्...

शेजारची म्हातारी कौतुकाने म्हणाली, "खाऊ नेती का गं लेकराला?"



विमलाबाईंचे केस पांढरे झाले होते. त्यांनी दार उघडलं आणि आम्ही तोंड उघडायच्या आत त्यांची नजर डब्यावर गेली. लताने डबा पुढे केला. त्यांनी तो घेतला, कानाशी नेला आणि हलवला.

मी माणसाच्या चेहऱ्यावर इतका आनंद त्याआधी बघितला नव्हता. पुढेही नाही.

"काकू," लता रडायला लागली, "यात काय आहे ते मी..."

"सांगू नकोस," विमलाबाई घाईघाईने म्हणाल्या. "आता माझी पाळी आहे."

त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही. दार लावून घेतलं. आम्ही बाहेर उभ्या होतो. आतून त्यांचा आवाज आला, लहान मुलाशी बोलतात तसा.

"लाडू का गं?"

खड्... खड्...

"मग शेव?"

खड्... खड्... आणि हसू. विमलाबाईंचं. आणि दुसरंही एक.

त्यांना सगळं माहीत होतं. आधी काय होतं तेही, आणि आता काय आहे तेही. त्या मुद्दाम चुकीचं सांगत होत्या. आमच्या ओळीने जे तिला हाकलायला केलं, तेच ती बाई तिला ठेवून घ्यायला करत होती.

लताने माझा हात ओढला आणि आम्ही निघालो.

पुन्हा मी मनमाडला गेले नाही. विमलाबाईंचं पुढे काय झालं ते विचारायची हिंमत मला झाली नाही. पण एक प्रश्न अजून सुटत नाही, विशेषतः नवरात्रात दिवेलागणीच्या वेळी, कुठूनतरी गूळ करपल्याचा वास आला की...

कधीतरी त्या थकल्या असतील. कधीतरी चुकून बरोबर उत्तर तोंडातून गेलं असेल. मग तो डबा उघडला असेल.

आणि ओळखलं की खायचं असतं.